पथ्याचा थाट

मावशीने लखनौला येताना कवळी बरोबर घेतली होती, पण घालायची तिची तयारी नव्हती. वरची बसत नाही, खालची टोचते. हॉटेलात पोचल्या पोचल्या ती पाण्याच्या ग्लासात पडली आणि चार दिवस तिथेच राहिली. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सीकेपी, म्हणजे मटणाचं नाव काढलं की अजून डोळे लकाकतात. माझी बायको पक्की शाकाहारी. भाच्याला सीलिअ‍ॅक, म्हणून गहू आणि मैद्याचा कणही वर्ज्य. असा काफिला घेऊन कबाब, शीरमाल आणि पराठ्यांच्या गावात जाणं हा शहाणपणा नव्हता, हे मला निघतानाच कळलं होतं.

आपल्याकडे ‘पथ्य’ म्हटलं की मऊ भात, मुगाचं वरण, फार तर मेतकूट. घरात एकाचं पथ्य सुरू झालं की त्याचं ताट बाकीच्यांच्या ताटांपासून वेगळं पडतं, आणि त्या ताटाकडे सगळे दयेने बघतात. लखनौची गंमत अशी की या गावाचा सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे कुणाचं तरी पथ्यच आहे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. नवाबाचे दात पडले, कबाबाचा शौक मात्र सुटेना. तेव्हा बावर्च्याने चावावाच लागणार नाही असा कबाब केला. तो नवाब आसफउद्दौला होता असं कुणी सांगतं, कुणी वाजिद अली शाहचं नाव घेतं. आसफउद्दौलाने 1775 मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि वाजिद अली शाहचं राज्य इंग्रजांनी 1856 मध्ये खालसा केलं. म्हणजे दंतकथेला हिंडायला ऐंशी वर्षांचं अंगण आहे. (दातांचीच कथा, तेव्हा ‘दंतकथा’ हा शब्द इथे अगदी नेमका बसतो.) खरंखोटं काहीही असो, पदार्थ स्वतःच त्या गोष्टीची साक्ष देतो.

हा गलावटी कबाब वाचायचा तर आधी त्यात काय नाही ते पाहावं. शीग नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला येते ती कड नाही. अंडं नाही. आहे ते इतकंच: अनेकदा कुटून लोण्यासारखा केलेला खिमा, थोडी चरबी, कच्च्या पपईचा लगदा, भाजलेल्या चण्याचं पीठ आणि मसाला. कच्च्या पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. त्याला वेळ कमी दिला तर खिमा दाताखाली येतो, जास्त दिला तर त्याचा चिखल होतो. बावर्च्याचं सगळं कसब या दोहोंमधल्या घटकेत असतं. मिश्रण इतकं सैल झालेलं असतं की ते आकार धरतं ते चण्याच्या पिठाच्या भरवशावर, आणि तेही जेमतेम. मग थोराड, पसरट तव्यावर तुपात त्या टिकल्या सोडतात. वर पातळ, काळसर कवच येतं, आत काहीच घट्ट राहत नाही.

तोंडात घातल्यावर प्रथम ते कवच लागतं, क्षणभरच. मग ते खचतं. आता चावायला काही उरलेलं नसल्यामुळे जीभ मोकळी होते आणि मसाला ओळीने भेटू लागतो: आधी लवंग, मग मोठ्या वेलचीचा धुरकट वास, आणि घास गिळून झाल्यावर मागून येणारं काहीतरी सुगंधी, ज्याला नाव देता येत नाही. अवधी पोटली मसाल्यात वाळ्याची मुळं, पानवेलीची मुळं, वाळलेल्या गुलाबपाकळ्या अशा गोष्टी पडतात. वैद्याच्या दुकानाची आठवण येते ती उगाच नव्हे. आपल्या कोल्हापुरी मटणात तिखट आधी अंगावर येतं आणि मग मांसाशी झटापट होते. इथे झटापट स्वयंपाकघरातच उरकलेली आहे. खाणाऱ्याने करायचं काम बावर्च्याने आधीच करून ठेवलंय.

मावशीने पहिला कबाब नुसत्या हिरड्यांवर संपवला. दुसऱ्याच्या वेळी तिने डोळे मिटले. तिसरा उचलताना म्हणाली, “अरे, हे माझ्यासाठीच केलंय की रे!” दोनशे वर्षांत या कबाबाची याहून नेमकी समीक्षा कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

हे घडलं अमीनाबादेत, टुंडे कबाबीच्या दुकानात. मूळ दुकान ‘चौक’ या भागातलं, 1905 सालचं, हाजी मुराद अली यांचं. त्यांना एकच हात होता, म्हणून ‘टुंडे’. पतंग उडवताना छपरावरून पडून हात गेला असं सांगतात. मसाल्यात एकशे साठ जिन्नस असल्याचंही सांगतात. मी तीन-चार ओळखले आणि बाकीचे विश्वासावर सोडले. चौकातल्या दुकानाची ख्याती ‘बडे’च्या, म्हणजे म्हशीच्या मांसाच्या कबाबांची, अमीनाबादेत मटणाचे मिळतात. 2017 च्या मार्चमध्ये कत्तलखान्यांवर बडगा उतरला तेव्हा म्हशीच्या मांसाअभावी चौकातलं दुकान बंद ठेवावं लागलं आणि नंतर तिथे चक्क कोंबडीचे कबाब आले. कबाबाचंच पथ्य सुरू झालं म्हणायचं.

आता बायकोचा प्रश्न. शाकाहारी माणसाला लखनौत काय मिळणार, या प्रश्नात एक कीव दडलेली असते: खरा पदार्थ मांसाचा, तुमच्यासाठी त्याची नक्कल. पण नकलेला हलकं समजणं हेच लखनौत चुकतं. अब्दुल हलीम शरर यांनी शतकापूर्वी ‘गुजश्ता लखनौ’मध्ये इथल्या खाण्यापिण्यावर भरभरून लिहिलं आहे. त्यात मोठ्या डेगचीतलं रांधणारा बावर्ची वेगळा आणि थोडंसंच पण नजाकतीने करणारा रकाबदार वेगळा. या रकाबदारांचा सगळा जीव दृष्टिभ्रमात. एकाने बदामांचे तांदूळ आणि पिस्त्यांची डाळ कातरून त्यांची खिचडी शिजवली. वाजिद अली शाहने दिल्लीच्या मिर्झा आसमान कद्र या शहजाद्यापुढे मुरब्बा ठेवला. घास तोंडात गेला तर तो निघाला मांसाचा कोरमा. शहजाद्याने परतफेड केली ती अशी की त्याच्या दस्तरखानावरचे सगळे पदार्थ, भांड्यांसकट, साखरेचे. याला मी श्लेष म्हणेन. एकाच रूपात दोन अर्थ, आणि दुसरा कळला की पहिल्याचीही गोडी वाढते.

हा श्लेष दरबाराबाहेर जिवंत ठेवला तो गृहिणींनी. उत्तरेतल्या कायस्थ घरांत पुरुष मांस खाणारे आणि बऱ्याच घरांत बायका न खाणाऱ्या. तेव्हा त्याच मसाल्यात, त्याच निगुतीने मुगाच्या डाळीची ‘कलेजी’ होऊ लागली, कोवळ्या फणसाचे आणि सुरणाचे कबाब होऊ लागले. सीकेपी आणि हे उत्तरेतले श्रीवास्तव कायस्थ यांचं नातं किती जवळचं हे जातीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ठरवावं; चुलीवरून पाहिलं तर मला ते सख्खं वाटतं. आमच्या मावशीचं उभं आयुष्य सोड्यांवर आणि वालाच्या बिरड्यावर सारखंच प्रेम करण्यात गेलं आहे.

फणसाचा हंगाम नव्हता, म्हणून हजरतगंजात बायकोच्या वाट्याला राजम्याची गलावटी आली. राजमा शिजवून, वाटून, तसाच तुपात परतलेला, तसाच धूर दिलेला. मी एक घास घेतला. मांसाची चव त्यात नव्हतीच, पण ती क्षणभराची कड, ते खचणं आणि ती मागून येणारी वाळ्याची झुळूक, सगळं जागेवर होतं. म्हणजे गलावटी हे मांसाचं नाव नाही, ते एका हालचालीचं नाव आहे. हे मला शाकाहारी कबाबाने शिकवलं, आणि बायको ते आठवडाभर ऐकवत होती.

भाच्याचं प्रकरण सर्वांत कठीण. कबाबात चणा, ठीक. पण त्याच्या सोबतचा उलट्या तव्याचा पराठा मैद्याचा. केशर-दुधातली शीरमाल मैद्याची. निहारीबरोबरचा कुलचा मैद्याचा. बिर्याणी बिनघोर होती, ती त्याने ओरपली. रॉयल कॅफेतली बास्केट चाट म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली जाळीदार वाटी. पापडी काढायला सांगून तीही जमली. मलई गिलोरी तर जणू त्याच्यासाठीच: सायीचा पातळ पापुद्रा पानाच्या विड्यासारखा दुमडलेला, पोटात खडीसाखर आणि सुका मेवा. राम आसरे हे दुकान 1805 सालचं, म्हणजे ग्लूटेन हा शब्द शहरात यायच्या कितीतरी आधीचं.

नव्या वस्तीतल्या एका देखण्या कॅफेत मात्र आम्ही फसता फसता वाचलो. फलकावर ‘ग्लूटेन-फ्री’ केक. दोनदा विचारल्यावर पोऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, मैदा है, लेकिन बहुत थोड़ा सा.” त्याच संध्याकाळी टिक्कीच्या ठेल्यावर भाच्याने पान पुढे केलं आणि अडचण सांगितली. ठेलेवाल्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “हाथ तो आटे वाला ही है भैया. आप मत खाइए.” पथ्य सांभाळणारं दुकान शोधायचं म्हणजे आपल्या हाताला काय लागलंय हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस शोधायचा. फलक सगळेच लावतात.

कॅफेंबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही. एक सोडून: गोमतीनगरातलं ‘शिरोज हँगआऊट’. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुली ते चालवतात, लखनौत 2016 पासून. तिथली कॉफी कशी होती हे मला आठवत नाही. ती आणून देणाऱ्या मुलीचं ऐटदार हसू आठवतं.

31 ऑक्टोबर 2025 रोजी युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. हैदराबादला तो 2019 मध्येच मिळाला होता, त्यामुळे इथल्या लोकांना ‘उशीर झाला’ इतकंच वाटलं असावं. मराठी माणसाने तर लखनौ आधी कानांनी ओळखलं. भातखंड्यांनी 1926 मध्ये इथे मॅरिस कॉलेज उभं केलं, रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांना हे शहर म्हणजे ठुमरीचं माहेर एवढंच ठाऊक राहिलं. रागाला वेळ असते हे आपण त्या परंपरेतून शिकलो. खाण्यालाही ती असते, हे मला एका ई-रिक्षावाल्याने शिकवलं. चांगलं खायला कुठे मिळेल असं विचारलं, तर तो म्हणाला, “कब खाइएगा?”

प्रश्न बिनतोड होता. निहारी पहाटेची, ‘नहार’ म्हणजे सकाळ, नावातच वेळ सांगितलेली. गुलाबी काश्मिरी चहा थंडीतला. मलिहाबादचा दशहरी जूनमधला. ज्येष्ठातल्या मंगळवारी, ‘बडा मंगल’ला, रस्तोरस्ती मारुतीच्या नावाने भंडारे लागतात आणि कबाबांचं हे गाव दिवसभर फुकट पुरी-भाजी आणि सरबत वाटतं. पत्ता हाताशी असून वेळ चुकली तर काही मिळत नाही.

म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही साडेसहाला चौकातल्या गोल दरवाजाशी उभे होतो. जानेवारीचं धुकं, कानाला मफलर, आणि पुढ्यात मक्खन मलईची परात. हिला निमिशही म्हणतात. आटवलेलं, साय मिसळलेलं दूध रात्रभर उघड्यावर, दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं, वर येईल तो फेसच तेवढा काढून घ्यायचा. त्यात साखर, वेलची, केशर. बाकी आहे ती हवा. बनारसला हिचीच बहीण मलइयो, दिल्लीला दौलत की चाट. ऊन चढलं की ही बसते, म्हणून विकणाऱ्याला सूर्याच्या आधी परात रिकामी करायची असते. दुकान पक्कं, गिऱ्हाईक पक्कं, माल मात्र तासाभराचा पाहुणा.

मांस नाही, गहू नाही, चावणं नाही. आमच्या काफिल्याची तिन्ही पथ्यं एका द्रोणात बसली. भाच्याने काही न विचारता खाल्लं. बाहेर खाताना त्याला असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बायको द्रोणाच्या तळाशी उरलेला पिवळा थेंब बोटाने पुसत होती. मावशी बराच वेळ गप्प. घास तोंडात ठेवून ती नुसती थांबायची, तो आपोआप नाहीसा होईपर्यंत.

“आणखी एक घेऊ?” मी विचारलं.

“घे. आणि लवकर घे रे,” ती समोरच्या कमानीकडे बघत म्हणाली. धुक्यातून तिथे पहिलं ऊन उतरायला लागलं होतं.