काळे दात, पांढरे दात

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून एक ठरीव मजकूर येतो: ‘जगातील विचित्र सौंदर्यकल्पना’. त्यात म्यानमारमधल्या कायन स्त्रियांच्या गळ्यातली पितळी वेटोळी असतात, चीनमधली बांधलेली पावले असतात आणि दात काळे करणाऱ्या जपानी बायका हमखास असतात. वाचक क्षणभर अचंबित होतो आणि पान उलटतो. ‘विचित्र’ हा शब्द तेथे वर्णन म्हणून येतो; प्रत्यक्षात तो निकाल असतो. हा निकाल तपासायचा तर काळ्या दातांचे उदाहरण फार उपयोगी आहे.

जपानमध्ये या प्रथेला ‘ओहागुरो’ म्हणत. लोखंडाचा कीस किंवा तुकडे सिरका, चहा, साके यांसारख्या द्रवात मुरवून एक उग्र वासाचे पाणी तयार करीत. त्याच्या जोडीला सुमाक जातीच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठींचे चूर्ण असे. या गाठींत टॅनिन भरपूर असते. लोह आणि टॅनिन एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा काळा थर बसतो. तो झिजतो, म्हणून दर एक-दोन दिवसांनी लेप पुन्हा लावावा लागे. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची काळी शाई याच रासायनिक तत्त्वावर तयार होत होती.

मायफळ आणि हिराकस एकत्र आणणारी उत्तर हिंदुस्थानातली मिस्सी हीदेखील याच कुळातली. आपल्याकडचे जुने ‘दातवण’ही दात काळे करण्याचेच चूर्ण होते. (तंबाखू भाजून केलेली आजची मिसरी ही निराळी वस्तू.) म्हणजे ज्या प्रथेकडे आपण परकी म्हणून बोट दाखवतो, तिच्यासाठी मराठीत घरगुती शब्द होता. तो विस्मरणात गेला, आणि मगच जपानी स्त्री आपल्याला विचित्र दिसू लागली.

पांढरे दातही कधीकाळी किळसवाणे ठरत, याचा उत्तम पुरावा साहित्यातच आहे. ‘त्सुत्सुमी चुनागोन मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथासंग्रहात किड्यांवर प्रेम करणाऱ्या एका मुलीची कथा आहे. संग्रहातल्या बहुतेक कथा हेइआन काळाच्या (७९४–११८५) अखेरच्या टप्प्यातल्या मानल्या जातात. ही उमरावाची मुलगी सुरवंट पाळते, भुवया उपटत नाही आणि दात काळे करत नाही. तिच्या जाड भुवयांची आणि उघड्या पांढऱ्या दातांची घरातल्या दासी टवाळी करतात. त्यांना ते दात सोललेल्या सुरवंटासारखे वाटतात. कथाकार मुलीच्या बाजूने आहे की दासींच्या, हे सहज ठरवता येत नाही, आणि कथेचे बळ त्यातच आहे.

व्हिएतनाममध्ये काळ्या दातांना आणखी एक अर्थ होता. १७८९ मध्ये चिंग सैन्याशी लढायला निघालेल्या सम्राट क्वांग त्रुंगच्या नावावर एक आवाहन प्रसिद्ध आहे. लांब केस आणि काळे दात राखण्यासाठी लढा, असा त्याचा आशय. तेथे काळा दात ही आपलेपणाची खूण होती.

या प्रथेची बाजू घेणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र मला तितकाच अपुरा वाटतो. ते म्हणतात, काळ्या थरामुळे दात किडत नसत, म्हणजे पूर्वजांना विज्ञान कळत होते. हा थर दातांचे काही प्रमाणात रक्षण करतो, असे अभ्यासकांनीही म्हटले आहे. पण एदो काळात दात काळे करणे ही प्रामुख्याने विवाहित स्त्रीची खूण होती. कीड टाळणे एवढाच हेतू असता तर खूण लग्नाशी कशाला बांधली असती? टिंगल करणारा प्रथेचा अर्थ पाहत नाही आणि समर्थक तिच्यातली सक्ती पाहत नाही. वर सांगितलेल्या कथेतल्या मुलीला या दोघांच्याही मांडणीत जागा नाही.

ही प्रथा संपली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी १८६३ च्या आपल्या जपानविषयक ग्रंथात काळ्या दातांबद्दल उघड घृणा व्यक्त केली. १८७० मध्ये मेइजी सरकारने सरदार घराण्यांना दात काळे करण्याची आणि भुवया काढण्याची बंदी घातली. १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः ही प्रथा सोडली. त्यानंतर शहरी स्त्रियांत ती वेगाने ओसरली. खेड्यांत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रेंगाळली. दात पांढरे ठेवण्याच्या या निर्णयातही सामान्य बाईचे मत कोणी विचारलेले दिसत नाही. आधी कुळाची रीत होती, मग राष्ट्राची प्रतिष्ठा आली. पाश्चात्त्य पाहुण्यासमोर देश ‘सुधारलेला’ दिसावा, याचा भार बाईच्या तोंडावर पडला.

त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तोक्योच्या शिबुया भागात ‘गांगुरो’ मुली दिसू लागल्या: गडद भाजलेला चेहरा, डोळ्यांभोवती व ओठांवर पांढरा रंग, फिके रंगवलेले केस. ही फॅशन कोणत्याही कुळाने वा सरकारने लादली नव्हती. गोरेपणाचा आदर्श या मुलींनी स्वतःच उलटा केला, आणि माध्यमांनी त्यांचीही यथेच्छ चेष्टा केली. टवाळी करणाऱ्या दासींची जागा रिकामी राहत नाही.

म्हणून अशा प्रथांवर लिहिताना ‘किती विचित्र!’ हा उद्गार बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. ही खूण कोणाच्या अंगावर आहे? ती नाकारणाऱ्याचे काय होते? आणि ती पुसण्याचा हुकूम कोण देतो? दंतवैद्याकडे पांढऱ्या छटांची पट्टी दाताशी धरून आपण आरशात पाहतो, तेव्हाही हे प्रश्न लागू आहेत. ती पट्टी आपल्याला विचित्र वाटत नाही, एवढाच फरक.