सही तिघांची, फोटोत चौथी
1972 मध्ये आस्को गटातल्या हॅरी गॅम्बोआ, ग्रॉंक आणि विली हेरॉन यांनी लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियमवर स्प्रेने आपली नावं रंगवली. चिकानोंना आत जागा नाही ना, मग अख्खी इमारतच आमची कलाकृती! हे वाचन तुम्हाला सगळीकडे सापडेल, पटेलही. पण गॅम्बोआने काढलेला फोटो नीट बघा. सह्यांच्या वर उभी आहे पॅट्सी वाल्देझ, गटातली चौथी. तिचं नाव भिंतीवर नाहीच. ओळखीचा दावा तिघांचा, शरीर मात्र तिचं. मला हे खटकतं. ‘चिकानो शरीर’ असं सरसकट लिहिण्याआधी ‘कुणाचं?’ एवढं तरी विचारा. 1974 च्या ‘इन्स्टंट म्युरल’मध्येही ग्रॉंक टेपने भिंतीला चिकटवतो ती वाल्देझच, पण तिथे सोबत हुम्बेर्तो सांदोवाल हा पुरुषही आहे.