माळावरचे गाव आणि कालव्यावरचे गाव

खेड्याचे चित्र काढणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट समजली जाते. पहाटेचे जाते, मोटेची कुरकुर आणि तिन्हीसांजेला परतणारी गुरे एवढे मांडले की लेखकाचे खेडे तयार! व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) असली सजावट नाही, आणि म्हणूनच ते गाव खरे वाटते. औंध संस्थानातल्या उघड्या माळावर धनगरांची थोडीशी घरे. तेथे एक पोरसवदा मास्तर येतो. तो माळ कादंबरीची पार्श्वभूमी नव्हे, तिचे कारण आहे. पाऊस नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून मेंढरू नाही, आणि मेंढरू नाही तेथे धनगर कशाला थांबेल? जोडीचा बैल नाही म्हणून स्वतःच जुवाखाली खांदा देणारी बाई आपल्याला दिसते, पण तिचा पोवाडा लेखक गात नाही. दुष्काळात अखेर गावच उठून जाते.

याच्या अगदी उलट गाव फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने ‘ला तेर’मध्ये (1887) उभे केले आहे. बोस प्रांताचे ते सपाट, गव्हाचे रान. तेथून कोणी हलत नाही; हललेच तर जमीन दुसऱ्याची होईल! म्हातारा फुआँ जमीन तीन मुलांत वाटून देतो, चिठ्ठ्या उचलल्या जातात, धाकटा आपल्या वाट्यावर रुसतो, आणि मग त्या म्हाताऱ्याला कोणाच्याच घरी धड जागा उरत नाही. मरणाच्या दारातली फ्राँस्वाजसुद्धा नवऱ्याच्या नावे जमीन करून देत नाही; ती माहेरच्या रक्तातच राहू देते. झोला भडक लिहितो, कित्येक पाने घरात मोठ्याने वाचण्याजोगी नाहीत. तरी ही माणसे मला परकी वाटली नाहीत.

त्याचे कारण मी राहतो ते कळंब. नीरा नदी जवळ, नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 पासून या मुलखात आलेले, शेजारी वालचंदनगर. 1930 नंतरच्या दशकात तेथे साखरेचा कारखाना उभा राहिला. माळ गेला आणि ऊस आला. पाण्याबरोबर सुबत्ता आली, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण बांध कोरणे, पाळीच्या पाण्यावरून रात्री उठणारी भांडणे आणि बहिणीकडून गोडीगुलाबीने लिहून घेतलेले हक्कसोडपत्र हेही त्याच पाटाने आणले. अशा बहिणीला माहेरी साडीचोळी मिळते, चार दिवस पाहुणचार होतो; तिच्या मनात काय चालते ते कोणी विचारत नाही. फ्राँस्वाजला निदान झोला भेटला.

म्हणून माझी तक्रार ‘बनगरवाडी’विषयी नाही, तिच्या मागून आलेल्यांविषयी आहे. कोरडा माळ हेच अस्सल खेडे अशी समजूत करून घेऊन पुष्कळांनी तोच माळ पुनःपुन्हा नांगरला. (मीही खेड्यावर कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हा शेरा घरच्यालाही आहेच.) दुष्काळात माणूस दुःखी असतो हे दाखवायला फार धाडस लागत नाही. भरल्या उसात तो कसा बदलतो हे लिहायचे म्हणजे भावकीचा रोष पत्करावा लागतो. उद्या त्याच पारावर बसायचे असते.

बनगरवाडीची माणसे आम्हाला अनोळखी नाहीत. माळरानाकडचे धनगर मेंढरे घेऊन या भागात उतरतात, मोकळ्या रानात जाळी लावून कळप बसवतात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. जाळीच्या एका बाजूला माडगूळकरांचे गाव असते आणि दुसऱ्या बाजूला झोलाचे. रात्री दोघेही एकाच शेकोटीशी बसून पावसाचे बोलतात. बांधाविषयी मात्र शेतकरी चकार शब्द काढत नाही.