तुमच्या जन्माच्या वेळी महाराष्ट्र केसरी कोण होता?

वैरागात चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकून बघा. लगेच कुणीतरी मोबाईलवर विजेत्यांची यादी काढतं. डावीकडे साल, उजवीकडे पैलवान. गंमत म्हणून ठीक आहे. पण संशोधनाचं साधन म्हणून वापरायची, तर या यादीची आधी झडती घ्यावी लागते.

वापरायची तरी कशाला? आपल्याकडे कित्येक जुन्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली! खरं साल मग आठवणींवरून काढायचं. "दादू चौगुले केसरी होते तेव्हाचा" म्हणजे १९७० किंवा १९७१, कारण त्यांनी किताब सलग दोनदा जिंकला. कुणी लक्ष्मण वडारांचं नाव घेतलं, तर १९७२ किंवा १९७३. शेजारी बहात्तरच्या दुष्काळाची आठवण असेल, तर दोन्ही ताडून बघता येतात. म्हणजे यादी कामाची आहे. पण तिच्यात तीन खोट आहेत.

पहिली: यादी "कोण जिंकला" ते सांगते, आपण विचारतो "किताब कुणाकडे होता". २०२१ साली अंतिम लढत झालीच नाही, म्हणून त्या सालापुढे नाव नाही. पण हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये जिंकला आणि पुढचा विजेता पृथ्वीराज पाटील थेट एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्यात. मग २०२१ च्या बाळाचा केसरी सदगीरच की!

दुसरी: एका सालाला एकच नाव, हे यादीनं गृहीत धरलेलं. २०२३ बघा. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे. नोव्हेंबरात फुलगावला आपल्या शेजारच्या मोहोळचा सिकंदर शेख. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या गटाची स्पर्धा, तिथं पुन्हा राक्षे. एक साल, तीन अंतिम कुस्त्या, दोन पैलवान. बॉक्सिंगमध्ये तर चार मोठ्या संघटनांचे वेगवेगळे पट्टे असतात. तिथला जाणकार आधी विचारतो, "कुठल्या संघटनेचा?" आपणही विचारायला शिकलं पाहिजे.

तिसरी खोट मला जास्त टोचते. पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी, मार्च २०२३, सांगली. पुरुषांची स्पर्धा मात्र १९६१ पासून. म्हणजे तुमच्या आईचं जन्मसाल या यादीतून सापडेल, पण समोर नाव पुरुषाचंच येईल. यादीच्या मथळ्यात "पुरुष" हा शब्द सहसा नसतो, म्हणून ते लक्षातही येत नाही.

तेव्हा सालाऐवजी अंतिम लढतीची तारीख बघा, भरवणारा गट बघा, आणि रिकाम्या सालाला "कुणीच नाही" समजू नका. घरात १ जूनवाले आजोबा असतील, तर आज जेवताना त्यांना विचाराच. आजीलाही विचारा. ती बहुतेक पैलवानाचं नाव सांगणार नाही, दुसरीच खूण सांगेल. तीही लिहून ठेवा.