साथ सोडलेला वाद्यवृंद

चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंगाची लांबी सेकंदापर्यंत ठाऊक असते. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला ती कधीच ठाऊक नसते. समोरच्या राक्षसाला एक खेळाडू दोन मिनिटांत लोळवतो, दुसरा अर्धा तास त्याच्याभोवती घुटमळतो, तिसरा लढाई टाकून डोंगर बघत बसतो. आणि तिघांनाही एकाच ध्वनिमुद्रणातून संगीत पुरवायचे असते. गेममधल्या वाद्यवृंदाची सारी कला या पेचातून जन्मली. हा पेच विसरलेले संगीत अलीकडे उदंड झाले आहे आणि कौतुकही त्याचेच होते.

पेचावरचा तोडगा जुना आहे. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी लुकासआर्ट्ससाठी घडवलेली ‘आयम्यूज’ ही प्रणाली १९९१च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये आली. नायक एका खोपटातून दुसऱ्यात शिरला की सूर तटकन तुटत नाही. चाललेला चरण पुरा होऊ देतो आणि मग नव्या सुरावटीत उतरतो. साथीचा तबलजी गायकाला समेवर गाठतो, तसेच हे. पुढे खरे वादक आल्यावर तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, तालवाद्ये यांचे थर वेगवेगळे मुद्रित करून प्रसंगानुसार चढवण्या-उतरवण्याची रीत रुळली.

या रीतीचे सर्वोत्तम फळ म्हणजे ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ (२००५). फुमितो उएदाच्या या गेममध्ये वाँडर हा तरुण मृत मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांना मारतो. एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना लांबच लांब घोडदौड असते आणि त्या दौडीत संगीत जवळजवळ नसतेच. टापा आणि वारा, बस. धूड समोर आले की को ओतानीचा वाद्यवृंद दबकत उठतो. खेळाडू त्याच्या केसांना धरून वर चढू लागला की तोच विजयाच्या आवेशात उसळतो. एवढे कोणीही केले असते. पण धूड कोसळते तेव्हा तुतारी वाजत नाही, शोकगीत वाजते. आपण केले ते पराक्रम की हत्या, हा प्रश्न एकाही संवादाविना वाद्यवृंद विचारतो. मुख्य म्हणजे आधीचा आवेश खेळाडूने स्वतःच्या बोटांनी जागवलेला असतो, म्हणून नंतरचा शोक त्याला झटकता येत नाही. चित्रपटाच्या प्रेक्षकावर असे ओझे टाकता येत नाही.

‘जर्नी’त (२०१२) ऑस्टिन विंटरीने हाच धागा वेगळा विणला. चेलो म्हणजे वाळवंटातला प्रवासी, बाकी वाद्ये म्हणजे त्याच्याभोवतीचे जग. संगीत इथे प्रवाशाच्या चालीने चालते.

बाकीच्या गेम-संगीतकारांत सुगियामा आणि उएमात्सु यांच्या सुरावटी गोड आहेत, मात्र बऱ्याचदा त्या गेमबाहेरच्या मैफलीत अधिक खुलतात. ‘मेडल ऑफ ऑनर’ (१९९९) हा मायकेल जियाकिनोचा उत्तम चित्रपट-संगीताचा नमुना, आणि तेवढाच.

दुखणे इथूनच सुरू होते. चित्रपटासारखे वाटणे हीच गेम-संगीताची शाबासकी ठरली. मग ढोल आले, अर्थहीन शब्द घोकणारे समूहस्वर आले, वादकांची संख्या जाहिरातीत आली. खेळाडू दार उघडतो तरी दणदणाट आणि मरतो तरी दणदणाट! २०२३पासून ग्रॅमीत गेम-संगीताला स्वतंत्र विभाग मिळाला, याचा आनंद मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिथे ऐकला जातो तो अल्बम. अल्बममध्ये घोडदौडीतली शांतता कुठून येणार? थर केव्हा चढला, केव्हा उतरला, हे कसे कळणार? साथीदाराची परीक्षा गायकाला बाहेर बसवून घेतल्यासारखा हा प्रकार आहे. त्या परीक्षेत जो एकटा जोरात वाजवेल तो पहिला येणार, आणि पुढचे संगीतकार त्याचाच कित्ता गिरवणार.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) विस्तीर्ण कुरणावर पियानोचे चार सूर पडतात आणि पुन्हा नुसता वारा उरतो. हा गेम ज्या ‘झेल्डा’ मालिकेतला, तिची जुनी दिमाखदार धून हरवल्याची तक्रार तेव्हा अनेकांनी केली. पण याच कुरणात गार्डियन यंत्राची नजर खेळाडूवर पडते आणि तोच पियानो पिसाटासारखा धावू लागतो. त्या क्षणी उडणारी घाबरगुंडी आधीच्या मैलोगणती निःशब्दतेने कमावलेली असते; शंभर वादक अखंड वाजत राहिले असते, तर ती उडाली नसती.