आर्बानचे अक्षर आणि मराठी जीभ : पितळी वाद्यांच्या अध्यापनातील एक उच्चारप्रश्न

प्रस्तावना :
बारामती व इंदापूर परिसरात लग्नसराईत वरातीपुढे ब्रास बँड वाजतो. ट्रम्पेट वा युफोनियम वाजविणाऱ्यास प्रत्येक सूर जिभेने सुटा करावा लागतो. या क्रियेस टंगिंग म्हणतात. तिचे जगन्मान्य पाठ्यपुस्तक म्हणजे फ्रेंच कॉर्नेटवादक झां-बातिस्त आर्बान (१८२५–१८८९) यांची १८६४ ची ‘मेथड’. या ग्रंथातील एक अक्षर इंग्रजीमार्गे आपल्याकडे येताना कसे बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
आर्बान यांनी सुटा सूर काढण्यासाठी ‘टी’ आणि ‘यू’ या दोन रोमन वर्णांचे अक्षर दिले. जीभ वरच्या दातांना टेकून हवा अडविते आणि मागे सरताच सूर उमटतो. ती आघात करीत नाही, झडपेप्रमाणे वागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे वर्णन मराठी दंत्य ‘त’शी तंतोतंत जुळते. फ्रेंच व्यंजन दंत्य आणि अल्पप्राण आहे. इंग्रजीत मात्र ते दातांमागील हिरडीवर उच्चारले जाते व शब्दारंभी त्यासोबत श्वासाचा झोत सुटतो. इंग्रजीचा हा वर्ण आपण ‘ट’ लिहितो. परिणामी विद्यार्थी ‘टू’ म्हणतो आणि त्याची जीभ दातांपासून दूर, टाळूकडे वळते. आर्बान यांना अभिप्रेत असलेली जागा मराठी मुलाच्या तोंडात आधीच होती. लिप्यंतराने ती हिरावून घेतली.

स्वराचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. फ्रेंच ‘यू’ उच्चारताना जीभ ‘ई’च्या जागी पुढे व उंच असते, तर ओठ ‘ऊ’सारखे गोल होतात. मराठीत असा स्वर नाही. मराठी ‘ऊ’मध्ये जीभ मागे जाते. वाजविताना ओठांची ठेवण मुखिका ठरविते, म्हणून स्वराचा परिणाम मुख्यतः जिभेवर उरतो आणि तेथे फ्रेंच अक्षराला ‘तू’पेक्षा ‘ती’ जवळचे ठरते. जलद वादनातील दुहेरी टंगिंगमध्येही हेच दिसते. ‘कू’मधील ‘क’ घशाकडे, तर ‘की’मधील ‘क’ पुढे उच्चारला जातो. साहजिकच ‘ती-की’ म्हणताना जिभेला कमी अंतर कापावे लागते.

मातृभाषेचा वादनावरील प्रभाव हा केवळ तर्क नाही. मॅथियास हाइने व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अल्ट्रासाउंड अभ्यासात, टोंगन व न्यूझीलंड इंग्रजी भाषकांची सूर धरतानाची जिभेची ठेवण भिन्न आढळली. ते सर्व ट्रॉम्बोनवादक होते.

निष्कर्ष :
‘ती’ हा सर्व सुरांवरचा उपाय नव्हे. खालच्या सुरांना तोंडातील पोकळी अधिक मोकळी लागते व तेथे ‘ता’ वा ‘तो’ उपयुक्त ठरू शकेल. परंतु तबल्याचे बोल मुखोद्गत करण्याची परंपरा असलेल्या समाजाने पितळी वाद्यांचे बोल परक्या लिपीतून उसने घेण्याचे कारण नाही. देवनागरीत ‘त’ आणि ‘ट’ हा भेद स्पष्ट आहे. महाविद्यालयांच्या संगीत व भाषा विभागांनी स्थानिक बँडवादकांसह हे बोल कानाने पारखून घ्यावेत. अन्यथा उच्चाराचा दोष विद्यार्थ्याच्या कुवतीच्या नावे जमा होत राहील.