मुद्रा खरी, लेख बनावट

ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘जेएफके’ (१९९१) या चित्रपटाविषयी दोन परस्परविरोधी निवाडे दिले जातात. एका पक्षाच्या मते तो इतिहासाचा विपर्यास आहे. दुसऱ्याच्या मते कलाकृतीला इतिहासाचा निकष लावणेच गैर आहे. वाङ्मयसमीक्षकाला दुसरा पक्ष स्वाभाविकपणे जवळचा वाटतो. पण या कृतीचे सामर्थ्य कोठून येते हे पाहू लागले, की तो पुरेसा ठरत नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ते एकट्या ऑस्वाल्डचे कृत्य होय, असा निष्कर्ष वॉरन आयोगाने १९६४ मध्ये काढला. न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांना तो मान्य नव्हता. त्यांनी क्ले शॉ यांच्यावर कटाचा खटला भरला. १९६९ मध्ये ज्यूरीने तासाभराच्या आत शॉ यांना निर्दोष ठरविले. चित्रपटाचा नायक मात्र गॅरिसन आहे.

एब्राहम झाप्रुडर यांनी ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपलेली सुमारे २६ सेकंदांची फीत हा चित्रपटाचा गाभा. तिच्या मागेपुढे स्टोन स्वतः रचलेली कृष्णधवल दृश्ये इतक्या वेगाने गुंफतात, की नोंदलेले कोणते आणि कल्पिलेले कोणते, हे प्रेक्षकाला उमगत नाही. येथे ‘मुद्राराक्षसा’ची आठवण होते. चाणक्य शकटदासाच्या हातून पत्र लिहवून घेतो व त्यावर राक्षसाची खरी मुद्रा उमटवितो. मलयकेतू फसतो, प्रेक्षक फसत नाही, कारण विशाखदत्ताने त्याला कटात सामील करून घेतलेले असते. त्या जाणतेपणातच नाट्य आहे. स्टोन यांनी प्रेक्षकाला मलयकेतूच्या जागी बसविले आहे. मुद्रा झाप्रुडरची, लेख दिग्दर्शकाचा. डेव्हिड फेरी कटाची कबुली देतो, हा प्रभावी प्रसंग असाच कल्पित आहे.

स्टोन आपल्या कृतीला प्रतिमिथक म्हणतात. पण मिथकाला पुराव्याची मुद्रा लागत नाही. ती घेतली, की पुराव्याची जबाबदारीही येते.

असे असूनही या चित्रपटात एक अस्सल अनुभव आहे. एवढा मोठा मृत्यू आणि त्याचे एवढे क्षुद्र कारण, ही विसंगती मनाला सोसत नाही. शोकाच्या तोलाचा अपराधी मन शोधू लागते. हा व्याकूळ शोध चित्रपटाच्या संकलनातच धडधडत राहतो. त्याच्या प्रभावामुळेच १९९२ मध्ये कायदा होऊन खुनासंबंधीची दप्तरे खुली होऊ लागली, हेही लहान कार्य नव्हे.

परंतु शोध जेथे निश्चितीचा आव आणतो, तेथे त्याचा कलात्मक ताण सैल होतो. संशयाने पछाडलेल्या माणसाची शोकात्मिका येथे शक्य होती. स्टोन नायकाकडे किंचित दुरून पाहते, तर ती घडली असती. तसे न करता त्यांनी वकिलाचे वकीलपत्र घेतले. शॉ १९७४ मध्येच वारले होते. ज्याला उत्तर देता येत नाही अशा निर्दोष ठरलेल्या माणसावर पडद्यावर पुन्हा खटला चालवायचा, तर कलावंताने निदान लेख आणि मुद्रा यांतील भेद प्रेक्षकाच्या हाती ठेवावयास हवा होता.